ब्लॅक संस्कृती आणि सामाजिक न्यायाची बाजू घेणारी अमेरिकेतली हॉटेलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहते. ओळखीच्या मराठी कुटुंबांना दक्षिणेकडच्या नागरी हक्क चळवळीच्या, म्हणजे ब्लॅक लोकांच्या समान हक्कांच्या लढ्याच्या, ठिकाणांची ट्रिप आखून द्यायला मदत करते. सुरुवात आईमुळे झाली, ती वाईहून आली होती आणि म्हणाली नायगारा बघून झाला आता मार्टिन ल्यूथर किंग जिथे गेले ते दाखव. तेव्हापासून लोक फोन करतात, मेसेज करतात, आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय.

१. "ॲक्टिव्हिस्ट हॉटेल" म्हणजे नक्की काय? भिंतीवर चार पोस्टर लावली की झालं का?

नाही. माझ्या मते चार गोष्टी बघायच्या: मालक कोण, काम करणाऱ्यांना कसं वागवतात, त्या जागेचा इतिहास कोणाचा आणि तो कोण सांगतंय, आणि आजूबाजूच्या वस्तीला त्या हॉटेलाचं दार उघडं आहे का. चारही गोष्टी जुळणारं हॉटेल विरळाच, दोन जुळल्या तरी मी आनंदाने जाते. पोस्टर वगैरे शेवटी. आणि हे सगळं नवीन फॅड नाहीये, ब्लॅक माणसाला रात्री पाठ टेकायला खोली मिळणं हाच अमेरिकेत चळवळीचा विषय होता, ते पुढच्या उत्तरात.

२. हॉटेलातली खोली हा चळवळीचा विषय कसा काय?

कारण खोली मिळायचीच नाही. १९६४ पर्यंत, दक्षिणेत तर कायद्याने आणि उत्तरेत पण बऱ्याच ठिकाणी रिवाज म्हणून, ब्लॅक प्रवाशाला गोऱ्यांच्या हॉटेलात घ्यायचे नाहीत. पैसे खिशात आहेत, गाडी स्वतःची आहे, मागच्या सीटवर पोरं पेंगतायत, आणि पुढचे शंभर मैल कोणी दार उघडणार नाही, अशी परिस्थिती. लोक गाडीत झोपायचे, डबा आणि पेट्रोलचा कॅन बरोबर ठेवायचे.

म्हणून व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या पोस्टमनने १९३६ मध्ये एक पुस्तिका काढली, ग्रीन बुक. कुठल्या गावात कोण खोली देतं, कुठे जेवण मिळतं, केस कुठे कापून मिळतील, सगळे पत्ते. हा माणूस हॅकेनसॅकला टपाल वाटायचा, म्हणजे आपल्यातले कितीतरी जण जिथून रोज गाडीने जातात तिथे. एसोच्या पेट्रोल पंपांवर पण ही पुस्तिका मिळायची. त्यात त्याने लिहून ठेवलं होतं की एक दिवस ही छापायची गरज उरणार नाही. तो १९६० मध्ये गेला, बायकोने आणि सहकाऱ्यांनी काम पुढे नेलं, शेवटची आवृत्ती १९६६-६७ ची.

मधे २ जुलै १९६४ ला नागरी हक्क कायद्यावर सही झाली, हॉटेलात वंशावरून नकार द्यायला त्याने बंदी घातली. लगेच अटलांटातल्या हार्ट ऑफ अटलांटा नावाच्या २१६ खोल्यांच्या मोटेलचा मालक कोर्टात गेला, तो स्वतःच वकील, आणि त्याचा एक मुद्दा तर असा की ब्लॅक गिऱ्हाईक घ्यायला लावणं म्हणजे माझ्यावरच वेठबिगारी लादणं आहे! गुलामगिरी बंद करणाऱ्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन हे म्हणणं, मला वाचताना अक्षरशः संताप आला होता. सुप्रीम कोर्टाने १४ डिसेंबर १९६४ ला सगळ्या ९ न्यायाधीशांच्या एकमताने त्याचं म्हणणं फेटाळलं. कारण दिलं ते व्यापाराचं, की तुमची बहुतेक गिऱ्हाइकं बाहेरच्या राज्यांतून येतात, सबब संसदेला तुमच्यावर नियम घालता येतो.

३. चळवळीतली ती जुनी प्रसिद्ध हॉटेलं आहेत का अजून? राहता येतं का?

बरीचशी आहेत पण राहता येत नाही, म्युझियम झालीत किंवा घरं, ऑफिसं झालीत.

अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमचं ए. जी. गॅस्टन मोटेल बघाच. गॅस्टन हे ब्लॅक उद्योगपती, त्यांनी १९५४ मध्ये बांधलं. १९६३ च्या बर्मिंगहॅम आंदोलनाची आखणी तिथल्या ३० नंबरच्या खोलीत झाली, किंग आणि त्यांचे सहकारी ॲबरनॅथी, शटल्सवर्थ सगळे तिथे बसायचे. १२ एप्रिलला, गुड फ्रायडेला, किंग तिथूनच मोर्चाला निघाले आणि अटक झाली. पुढे ११ मेच्या रात्री मोटेलवर बॉम्ब टाकला, किंग तेव्हा गावात नव्हते. २०१७ पासून हा परिसर राष्ट्रीय स्मारक आहे.

न्यूयॉर्कच्या हार्लेम या ब्लॅक वस्तीतलं हॉटेल थेरेसा १९१३ चं, १९४० पर्यंत तिथे ब्लॅक पाहुण्यांना प्रवेशच नव्हता, नंतर मात्र ते हार्लेमचं मानाचं ठिकाण झालं. सप्टेंबर १९६० मध्ये क्यूबाचे फिडेल कॅस्ट्रो मिडटाउनचं हॉटेल सोडून इथे येऊन राहिले, ब्लॅक नेते माल्कम एक्स त्यांना भेटले, आणि आपले पंडित नेहरू पण इथेच कॅस्ट्रोंना भेटायला आले होते. आता आत ऑफिसं आहेत, बाहेरून १२५व्या रस्त्यावर उभं राहून बघता येतं. लॉस एंजेलिसचं डनबार हॉटेल १९२८ चं, सॉमरव्हिल नावाच्या ब्लॅक डेंटिस्टने बांधलेलं, तिथे आता परवडणारी घरं आहेत.

राहता येतं अशी दोन जुनी ठिकाणं मी सुचवते. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर ओक ब्लफ्सला शिअरर कॉटेज, १९१२ पासून. चार्ल्स शिअरर यांचा जन्म गुलामगिरीत झाला होता आणि त्यांच्याच घराण्याने ते गेस्टहाऊस सांभाळलं, ब्लॅक गायक-अभिनेते पॉल रोबसन राहून गेलेत तिथे. उन्हाळ्यातलं ठिकाण आहे, फार आधी विचारावं लागतं. दुसरं नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोचं मॅग्नोलिया हाऊस, ग्रीन बुकमधलं, मोजक्याच खोल्या आहेत, आणि १ फेब्रुवारी १९६० ला चार ब्लॅक विद्यार्थी वूलवर्थ दुकानातल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या जेवणाच्या काउंटरवर निषेध म्हणून बसून राहिले ते पण याच गावात, आता तिथे म्युझियम आहे, त्यामुळे एक रात्र इथे काढली तर दोन्ही होतं.

लॉरेन मोटेलचं पुढे वेगळं लिहिलंय.

४. लॉरेन मोटेलला मुलांना नेऊ का? फार जड होईल का त्यांना?

आठ-नऊ वर्षांच्या पुढे असतील तर न्या, पण आधी घरी थोडं बोला.

टेनेसी राज्यातल्या मेम्फिसचं हे मोटेल वॉल्टर आणि लोरी बेली या ब्लॅक जोडप्याने १९४५ मध्ये घेतलं. मोटेल म्हणजे फक्त किंगांचा खून झाला ती जागा असं लोकांच्या डोक्यात असतं, पण त्याआधी वीसेक वर्षं ती आनंदाची जागा होती हो! जवळच स्टॅक्स रेकॉर्ड्सचा स्टुडिओ, ओटिस रेडिंगसारखे गायक तिथे उतरायचे, ब्लॅक आणि गोरे संगीतकार एकत्र बसून गाणी रचायचे, जे गावात दुसरीकडे जमणं कठीण होतं.

४ एप्रिल १९६८ ला किंग ३०६ नंबरच्या खोलीबाहेर बाल्कनीत उभे असताना गोळी लागली. ते मेम्फिसला आले होते सफाई कामगारांच्या संपासाठी, हे मुलांना नक्की सांगा. त्याच दिवशी लोरीबाईंना मेंदूत रक्तस्राव झाला आणि ९ एप्रिलला, किंगांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी, त्या गेल्या. वॉल्टर बेलींनी ती खोली परत कधी भाड्याने दिली नाही. १९९१ पासून तिथे राष्ट्रीय नागरी हक्क म्युझियम आहे.

बाहेरून बघितलं तर फिकट निळसर दारं, रेलिंगला पांढरा-लाल पुष्पचक्र अडकवलेला, खाली त्या काळच्या दोन गाड्या उभ्या. आत काचेतून खोली दिसते, अंथरूण विस्कटलेलं, कप-बशा तशाच. आई बराच वेळ तिथे उभी होती आणि मग एवढंच म्हणाली, अगं किती साधी खोली आहे. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण खरंच तशी खोली आपण कोल्हापूर-सोलापूरच्या लॉजमध्ये कितीदा बघितलेली असते.

अजून एक सांगायला हवं. १९८८ मध्ये मोटेल बंद करताना तिथे राहणारी, काम करणारी एक बाई बाहेर काढली गेली, आणि तिने समोरच्या फुटपाथवर निषेध मांडला तो दशकानुदशकं चालवला. तिचं म्हणणं, एवढ्या पैशात गरिबांसाठी घरं बांधा, किंगांना तेच आवडलं असतं. म्युझियम बघाच, पण तिचं म्हणणंही मुलांना सांगा.

५. टल्साच्या हॉटेलबद्दल काहीतरी ऐकलंय, ते कुठलं?

स्ट्रॅडफर्ड हॉटेल. जे. बी. स्ट्रॅडफर्ड, जन्म गुलामगिरीत, पुढे वकील, त्यांनी १९१८ मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या टल्साच्या ग्रीनवुड या ब्लॅक वस्तीत ५४ खोल्यांचं हॉटेल उघडलं, तेव्हाचं ब्लॅक मालकीचं सगळ्यात मोठं हॉटेल म्हणून ते ओळखलं जायचं. तीन वर्षांत, ३१ मे आणि १ जून १९२१ च्या हत्याकांडात गोऱ्या जमावाने अख्खी वस्ती जाळली, हॉटेल पण गेलं. वर दंगल भडकवल्याचा आरोप स्ट्रॅडफर्ड यांच्यावरच ठेवला, ते शिकागोला निघून गेले आणि परत टल्सात राहायला आले नाहीत. तो आरोप रद्द झाला १९९६ मध्ये, म्हणजे ७५ वर्षांनी, तेव्हा ते हयात नव्हते. ग्रीनवुडमध्ये २०२१ पासून ग्रीनवुड रायझिंग हे इतिहास केंद्र आहे, टल्साला गेलात तर अर्धा दिवस ठेवा.

६. इतिहास ठीक आहे, पण आज राहायला कुठे जाऊ? नावं सांगा.

माझ्या यादीत सध्या ही आहेत, मालकी आणि व्यवस्थापन बदलत असतं म्हणून बुक करण्याआधी फोन करून खात्री करा:

ईटन, वॉशिंग्टन डीसी. २०१८ मध्ये सुरू झालं, के स्ट्रीटवर, म्हणजे ज्या रस्त्याचं नाव लॉबिंग करणाऱ्या कंपन्यांमुळे प्रसिद्ध आहे तिथेच. संस्थापक कॅथरीन लो, हाँगकाँगच्या हॉटेल व्यवसायातल्या घराण्यातल्या. हॉटेलात कार्यकर्ते, कलाकार यांना जमायला जागा, रेडिओ स्टुडिओ, सिनेमाचा छोटा हॉल. अमेरिकन हॉटेलच्या खोलीत नेहमी बायबल असतं, इथे त्याऐवजी युनोचा मानवी हक्कांचा जाहीरनामा ठेवला. त्याचं पहिलं कलम उघडून वाचा, तिथे "सर्व पुरुष" अशा अर्थाचे शब्द होते ते बदलून "सर्व माणसं" करायला लावलं आपल्या हंसा मेहतांनी, ज्या तेव्हा मुंबईच्या राजकारणात होत्या. मी बरोबरच्या मुलींना ते पान हातात देऊन दाखवते.

अक्वाबा. मोनिक ग्रीनवुड या एसेन्स या ब्लॅक स्त्रियांच्या मासिकाच्या मुख्य संपादक होत्या, त्यांनी १९९५ मध्ये ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंटमध्ये जुन्या वाड्यासारख्या घरात बेड अँड ब्रेकफास्ट सुरू केलं, नंतर इतर गावांतही काढली. अक्वाबा म्हणजे घानाच्या ट्वी भाषेत "या, स्वागत आहे". तेव्हा त्या भागात राहायला या असं कोणी पाहुण्याला सांगत नव्हतं, यांनी सांगितलं.

सॅलमँडर, मिडलबर्ग, व्हर्जिनिया. शीला जॉन्सन यांचं, बीईटी या ब्लॅक प्रेक्षकांसाठीच्या वाहिनीच्या सहसंस्थापक. २०१३ चं, आलिशान आहे, घोडे वगैरे. शेफ क्वामे ओनवाची यांच्याबरोबर तिथे ब्लॅक खाद्यसंस्कृतीचा महोत्सव भरतो, २०२१ पासून.

डन्स जोसेफीन, मायामीच्या ओव्हरटाउनमध्ये. जुन्या दोन हॉटेलांचं मिळून केलेलं छोटंसं हॉटेल, हार्लेम रेनेसाँसच्या, म्हणजे १९२०च्या दशकातल्या ब्लॅक कला-साहित्याच्या बहराच्या, थाटाचं. ओव्हरटाउन एके काळी गजबजलेली ब्लॅक वस्ती, तिच्या मधून हायवे काढले आणि वस्ती मोडली, संध्याकाळी जरा चालून बघा म्हणजे हायवेचे खांब कुठे आलेत ते दिसतं.

७. ब्लॅक मालक असला की हॉटेल आपोआप चळवळीचं होतं का? आणि मालक ब्लॅक नसेल तर?

दोन्हीला उत्तर "तसं नाही". मायामीतलंच हॅम्पटन हाऊस घ्या. मार्कोविट्झ नावाच्या गोऱ्या ज्यू जोडप्याचं, पण ब्लॅक पाहुण्यांना आदराने घ्यायचं, किंग तिथे यायचे, आणि २५ फेब्रुवारी १९६४ ला बॉक्सिंगमध्ये लिस्टनला हरवल्यावर तरुण महम्मद अली, तेव्हाचे कॅशियस क्ले, तिथे गेले होते, बरोबर माल्कम एक्स. आता तिथे म्युझियम आहे. ईटनची मालकी पण ब्लॅक नाही, वर लिहिलंय.

तरीही मालकीला मी वजन देते. ब्लॅक मालकीची हॉटेलं आजही फारच थोडी आहेत, कर्ज मिळणं, जागा मिळणं तिथेच घोडं अडतं. पैसा कोणाकडे जमा होतो याने पुढच्या पिढीचं ठरतं.

८. आपण बहिष्कार घातला, किंवा ठरवून एखाद्या हॉटेलात गेलो, त्याने खरंच काही होतं का?

होतं, मायामीचं उदाहरण पुरेसं आहे. जून १९९० मध्ये नेल्सन मंडेला, तुरुंगातून सुटून जेमतेम चार महिने झालेले, मायामी बीचला आले. त्यांनी कॅस्ट्रोंबद्दल चांगले शब्द काढले होते म्हणून स्थानिक पुढाऱ्यांनी त्यांचं अधिकृत स्वागत केलं नाही. चिडलेल्या ब्लॅक वकिलांनी आणि नेत्यांनी, एच. टी. स्मिथ यांच्या पुढाकाराने, हाक दिली की मायामीत अधिवेशनं भरवू नका. संस्थांनी एकामागून एक कार्यक्रम रद्द केले, जवळपास तीन वर्षं. १९९३ मध्ये समझोता झाला, त्यात एक अट अशी की मायामी बीचवर ब्लॅक मालकीचं मोठं हॉटेल उभं राहायला शहर मदत करेल, आणि ब्लॅक विद्यार्थ्यांना हॉटेल मॅनेजमेंट शिकायला शिष्यवृत्त्या. डॉन पीबल्स या ब्लॅक बिल्डरने ते हॉटेल, रॉयल पाम, २००२ मध्ये उघडलं. काही वर्षांनी त्यांनी ते विकलं, हे पण खरं, पण मागणी कशी लावून धरायची ते शिकण्यासारखं आहे.

९. खरं काम आणि नुसतं मार्केटिंग यातला फरक कसा ओळखू?

फोन करून दोन प्रश्न विचारा. तुमचे कर्मचारी युनियनमध्ये आहेत का? आणि जवळच्या वस्तीतल्या संस्थांना हॉल कमी दरात किंवा फुकट देता का? जिथे खरं काम असतं तिथे पलीकडचा माणूस खुलतो, नावं सांगतो, तारखा सांगतो. नसतं तिथे "आम्ही सर्वांचं स्वागत करतो" असं गोल उत्तर येतं. मी एका ठिकाणी राहिले होते, नाव घेत नाही, लॉबीत चळवळीतल्या लोकांचे मोठाले फोटो आणि खोली साफ करणाऱ्या ताई मला सांगत होत्या की एका शिफ्टला इतक्या खोल्या देतात की पाणी प्यायला वेळ नाही. मला ते फोटो नंतर बघवेनात.

हॉटेल कामगारांची मोठी युनियन आहे युनाइट हिअर, त्यांच्या फेअर हॉटेल यादीत कुठे संप किंवा बहिष्कार चालू आहे ते कळतं. २०१८ च्या मॅरियट संपात त्यांची घोषणा होती "वन जॉब शुड बी इनफ", म्हणजे पोट भरायला एक नोकरी पुरायला हवी. दारात संपकरी उभे असतील तर ती रेषा ओलांडून आत जाऊ नका, दुसरीकडे बुकिंग बघा.

आणि हो, खोलीत रोज थोडी टीप ठेवा, शेवटच्या दिवशी एकदम नको, कारण रोज साफ करणारी व्यक्ती वेगळी असू शकते.

१०. ही हॉटेलं महाग असतात का?

सॅलमँडर महाग आहे, सरळ सांगते. बेड अँड ब्रेकफास्ट मध्यम, आणि नाश्ता भरपेट असतो. दर बघताना रिसॉर्ट फी लपवलेली नाही ना ते बघा, मे २०२५ पासून केंद्राचा नियम आहे की सक्तीचे चार्जेस धरूनच दर दाखवायला हवा, टॅक्स मात्र वेगळा असू शकतो. बजेट कमी असेल तर साध्या मोटेलमध्ये राहा आणि जेवण, म्युझियम, पुस्तकं यावर ब्लॅक मालकीच्या ठिकाणी खर्च करा.

११. आपण भारतीय. तिथे जाऊन राहणं बरं दिसतं का? उगाच घुसल्यासारखं वाटेल का?

अजिबात नाही, पाहुणे म्हणून जा. फक्त सकाळी नाश्त्याच्या टेबलावर समोरच्या कुटुंबाला "तुम्हाला कधी वंशभेद सोसावा लागला का" असले प्रश्न विचारू नका, ते पण सुट्टीवर आलेत. केसांना हात लावू नका, विचारून सुद्धा नको. आणि आपल्या घरात काळ्या-गोऱ्या रंगावरून जे बोललं जातं, "मुलगी सावळी आहे पण नाकीडोळी नीटस", ते गाडीतच मुलांसमोर बोलून घ्या, ट्रिपचा तो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

१२. मराठीत बोलताना कुठला शब्द वापरू? आजोबा अजून "निग्रो" म्हणतात.

तो शब्द आणि "हबशी" दोन्ही सोडा. समोरच्याला तो शब्द ऐकू येतो आणि तुमचं उरलेलं मराठी वाक्य त्याला कळत नाही, एवढं आजोबांना सांगितलं की पुरतं. ब्लॅक, आफ्रिकन-अमेरिकन, लिहिताना कृष्णवर्णीय, हे चालतं. नुसतं "काळे" म्हणायचं मी टाळते.

१३. एअरबीएनबीवर मालकाने नाव बघून नकार दिला तर? प्रश्न २ मधला कायदा लागू होतो का?

इथे गंमत नाही, खरी फट आहे. १९६४ च्या कायद्यात एक सूट ठेवली आहे: मालक स्वतः त्याच इमारतीत राहत असेल आणि भाड्याच्या खोल्या पाच किंवा कमी असतील तर तो कायदा लागू होत नाही. लोक याला "मिसेस मर्फी" सूट म्हणतात. पण म्हणून तुम्ही हात बांधून बसायचं नाही, करारात वंशभेद करायला बंदी घालणारा १८६६ चा कायदा आहे, राज्यांचे कायदे आहेत, आणि कंपनीचं स्वतःचं धोरण आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की ब्लॅक वाटणारं नाव असेल तर विनंती मान्य होण्याची शक्यता साधारण १६ टक्क्यांनी कमी होते. २०१६ मध्ये यावरून मोठा गदारोळ झाला, २०१८ पासून बुकिंग पक्कं होईपर्यंत पाहुण्याचा फोटो मालकाला दिसत नाही. नाव मात्र बहुतेक वेळा दिसतं, ओरेगॉन राज्यात राहणाऱ्या पाहुण्यांची २०२२ मध्ये आधी फक्त आद्याक्षरं दाखवायला सुरुवात केली. नकार आला तर स्क्रीनशॉट ठेवा आणि त्याच दिवशी तक्रार करा.

१४. प्लांटेशनवरची हॉटेलं सुंदर दिसतात, भाचीचं लग्न तिथे करायचं म्हणतायत. चालेल का?

मी नको म्हणेन. प्लांटेशन म्हणजे गुलामांकडून राबवून घेतलेले मोठाले मळे. ती पांढरी खांबांची घरं आणि ओकच्या झाडांच्या रांगा गुलामांच्या श्रमाने उभ्या राहिल्यात, आणि बऱ्याच ठिकाणी ज्या झोपड्यांत ती माणसं राहायची त्याच आज "कॉटेज" म्हणून भाड्याने देतात. २०१९ मध्ये कलर ऑफ चेंज या संस्थेने आवाज उठवल्यावर पिंटरेस्ट आणि लग्नांची वेबसाइट द नॉट यांनी अशा लग्नांची जाहिरातबाजी थांबवायचं ठरवलं. लुइझियानाचं नॉटोवे हे असंच रिसॉर्ट, मे २०२५ मध्ये जळालं, तेव्हा कोणी हळहळलं आणि कोणाला हलकं वाटलं, दोन्ही बाजूंची माणसं मी ओळखते. बघायचंच असेल तर त्याच राज्यातलं व्हिटनी प्लांटेशन बघा, तिथे गुलामीत राहिलेल्यांच्या बाजूने गोष्ट सांगतात, आणि तिथे जाऊन आल्यावर भाची स्वतःच ठरवेल.

१५. याचा आपल्याशी, महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेम तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. एवढं शिकून १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आले तर त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात दिवसाला दीड रुपया भाड्याने, पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणून धमकावून गेले. गावात ओळखीच्यांकडे विचारलं, तिथेही नाही. शेवटी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत. ग्रीन बुक कशासाठी लागलं हे मराठी माणसाला समजावायला मला याहून जवळचं काही सापडत नाही. पुढे १९४६ मध्ये त्यांनी ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि ड्यू बॉइस यांनी उत्तरही पाठवलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या लढाऊ संघटनेचं नाव घेऊनच.

आणि आपल्याकडचं अशा प्रकारचं हॉटेल विचाराल तर मी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा म्हणेन. वारीला आलेल्या अस्पृश्यांना बाकीच्या धर्मशाळा दार उघडत नव्हत्या, गाडगेबाबांनी ती बांधली, आणि पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

१६. आमच्याकडे फक्त चार दिवस आहेत. काय करू?

अटलांटाला उतरा, एक दिवस तिथे, किंगांचं जन्मघर आणि चर्च. मग अलाबामातलं माँटगमरी, तिथलं गुलामगिरीपासूनचा इतिहास सांगणारं लेगसी म्युझियम आणि लिंचिंगमध्ये, म्हणजे जमावाच्या हातून, मारल्या गेलेल्यांचं स्मारक, दोन्ही २०१८ मध्ये सुरू झाली, एकाच दिवशी करू नका, एक संध्याकाळी आणि दुसरं दुसऱ्या दिवशी सकाळी. तिथून बर्मिंगहॅम दीडेक तास, गॅस्टन मोटेल, केली इनग्रॅम पार्क आणि समोरचं चर्च पायी होतं. शेवटी मेम्फिस, चार तास धरा. लॉरेन सकाळी उघडताना गाठा, गर्दी कमी असते, आणि मंगळवारी म्युझियम सहसा बंद असतं म्हणून वार बघूनच तिकीट काढा. परतीची फ्लाइट मेम्फिसहूनच घ्या, परत अटलांटाला गाडी न्यायची गरज नाही.